मानेचा पट्टा

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी पार्किंगमधून स्कूटर मागे घेताना उजवीकडे वळून पाहिलं आणि मान तिथेच अडकली. वॉचमन काका धावत आले, त्यांनी स्कूटर स्टँडला लावली, आणि मी लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून वर गेले. तोंड तिकडेच होतं, करणार काय?

मी ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. आमचा महिना एक ते तीसचा नसतो, अकरा आणि वीसचा असतो. जीएसटीची दोन रिटर्नं: अकराला जीएसटीआर-वन, वीसला थ्री-बी. मान धरली ती सतरा तारखेला, आणि यात मला आता अजिबात योगायोग वाटत नाही. चार दिवस रात्री अकरापर्यंत एकाच एक्सेल शीटकडे टक लावून, धड झोप नाही, डोक्यात एक न जुळणारी रक्कम. मान बिचारी आठवडाभर आधीपासून सांगत होती. मी बाम चोळून तिला गप्प करत होते.

मग सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या तिळाचं तेल आणि गरम विटेचा शेक. नवरा म्हणाला उशी बदल (आमच्या घरात आता पाच प्रकारच्या उशा आहेत, एकही कुणी वापरत नाही). शेजारच्या काकू म्हणाल्या एसी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकला, तुम्हीही पाहिला असेल: मोबाइलमध्ये वाकलेला माणूस आणि मानेवर लिहिलेलं ‘२७ किलो’. नवऱ्याच्या मित्राने तर एक न्हावी सुचवला, कट्कन मान मोडून देणारा. त्याला मी तेव्हाही नाही म्हटलं, आजही म्हणेन. झटका देऊन मान मोडल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होणं क्वचित घडतं, पण घडतं.

एवढं शहाणपण दाखवून मी स्वतः काय केलं, तर गोखले रोडवरच्या एका मेडिकलमधून मानेचा पट्टा आणला. डॉक्टरांनी सांगितला नव्हता. मला वाटलं, दुखतंय ना, मग हलायलाच नको. तीन आठवडे घातला. त्याचा एकच फायदा मला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे, ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळते. काढला तेव्हा मान आधीपेक्षा आखडलेली आणि डोकं जड, जणू कुणीतरी दुसऱ्याचं आणून ठेवलंय. साहजिक आहे. हाताचं प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला असतो हे आपल्याला माहीत असतं. मानेच्या बाबतीत ते आठवत नाही.

शेवटी पाचपाखाडीतल्या एका फिजिओ ताईंकडे गेले. हातात एक्स-रे, त्यावर ‘स्पॉन्डिलोसिस’ (म्हणजे मणक्यांची झीज) असं लिहिलेलं, आणि मी मनातल्या मनात इच्छापत्र करत होते. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, पाहिला, बाजूला ठेवला. मग दहा मिनिटं वेगळंच काहीतरी तपासलं. हाताला मुंग्या येतात का, बोटांची पकड सुटते का, चालताना तोल जातो का, ताप, वजन कमी होणं, लघवीवरचा ताबा, कुठे पडले-आपटले होते का. यातलं काहीही असतं तर आधी डॉक्टर, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

“मग वळवा,” त्या म्हणाल्या. “थोडं दुखेल. जिथे दुखेल तिथपर्यंत जा, तिथे भांडू नका, परत या. दिवसातून दहा वेळा.”

मी एक्स-रेकडे बोट दाखवलं. त्यांनी सांगितलेली गोष्ट घरी येऊन मी शोधून वाचली आणि खरी निघाली. जपानमध्ये मान अजिबात दुखत नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांच्या मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरापोरींतसुद्धा बहुतेकांच्या. म्हणजे माझ्या एक्स-रेत जे दिसत होतं ते माझ्या वयाच्या, मजेत फिरणाऱ्या कितीतरी बायकांच्या मानेतही असणार. त्यांनी फक्त फोटो काढलेला नाही.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात एक मोजपट्टी सुरू झाली. ओट्याला पाठ लावून उभं राहायचं, खांदे न हलवता उजवीकडे बघायचं आणि शेवटी काय दिसलं ते लक्षात ठेवायचं. पहिल्या दिवशी फ्रिजचं हँडल. डावीकडे मात्र थेट गॅलरीतली तुळस. दहाव्या दिवशी उजवीकडे फ्रिजची कड आणि त्यावर लेकाने चिकटवलेला गणपतीचा मॅग्नेट. तिसऱ्या आठवड्यात फ्रिजमागची भिंत दिसली, आणि तिथे केव्हापासून साठलेलं जाळं. त्या दिवशी व्यायाम अर्धवट राहिला, झाडू शोधण्यात वेळ गेला.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्या पूर्वी घंटाळीच्या योगवर्गाला जायच्या. ठाण्यात प्रत्येक घरात एक माणूस तरी घंटाळीला जाऊन आलेला असतोच. त्या म्हणाल्या, “ही तर आमची ब्रह्ममुद्रा. एवढ्यासाठी पैसे मोजलेस?” बरोबर आहे. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, सावकाश. मान फिरते त्यातला जवळपास अर्धा भाग वरच्या दोनच मणक्यांमध्ये फिरतो, एकूण मणके सात. ते सांधे वापरातच नसतील तर आखडणार. पण सासूबाईंशी माझं एका बाबतीत पटत नाही, आणि ही पोस्ट मुख्यतः त्यासाठीच आहे. नुसती मान फिरवून माझं काम भागलं नाही.

हलायला लागली, दुखणं अर्ध्यावर आलं, आणि पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला पुन्हा धरली.

ताई म्हणाल्या, “आता ताकद.” मला वाटलं डंबेल. त्यांनी एक रबरी पट्टी दिली, दीड मीटरची, हिरवी. पायाखाली मधोमध दाबायची, दोन टोकं दोन हातांत, आणि हात बाजूने खांद्याइतके वर न्यायचे. खांदे कानांकडे चढवायचे नाहीत. पंधरा वेळा. मग तीच पट्टी दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे खेचत खांद्याची पाती एकमेकांकडे आणायची. माझा प्रश्न तोच जो तुमचा असेल: दुखते मान, मग हात का हलवू? तर मान आणि खांद्याचं पातं यांच्यामध्ये जे मोठे स्नायू पसरलेले आहेत, दिवसभर कीबोर्डवर हात धरून तेच ताटकळतात. डोकं पुढे झुकलं की मागून त्याला धरून ठेवायचं कामही बरंचसं त्यांच्याकडे. आपण ‘इथे गाठ आलीय’ म्हणून जिथे अंगठा दाबतो, ती जागा तीच.

तिसरा प्रकार हनुवटी मागे घेण्याचा. खाली नाही, सरळ मागे. मला जमेना. ताईंनी विचारलं, “लोकलने येता ना? पुढच्या बाईचे ओले केस तोंडात यायला लागले की काय करता?” मी लगेच केलं. “हेच,” त्या म्हणाल्या. लेडीज डब्यात उभ्या असणाऱ्या कुणालाही हा व्यायाम आयुष्यात वेगळा शिकवावा लागणार नाही. याने गळ्याच्या आतले, मणक्यांना चिकटून असलेले बारीक स्नायू कामाला लागतात, जे मान दुखणाऱ्यांचे बहुधा आळसावलेले असतात.

आता त्या २७ किलोंबद्दल. तो आकडा २०१४ साली न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज नावाच्या सर्जननी मांडला. डोकं साठ अंश झुकवलं तर मानेवर किती भार येईल याचं ते संगणकावर केलेलं गणित आहे, कुणाच्या मानेला काटा लावून केलेलं मोजमाप नाही. पण समजा, धरून चालू की खरं आहे. मग ज्याला रोज २७ किलो पेलायचे आहेत त्याने काय करावं? घाबरून बसावं की अंगात ताकद आणावी? त्या फोटोखाली हे कुणी लिहीत नाही. फोटो बघून लोक काय करतात, तर ताठ बसतात. तासभर काठी गिळल्यासारखे ताठ. त्याने मान दुखतेच, वर पाठही दुखते. ‘बसायची योग्य पद्धत’ नावाची एकच एक गोष्ट असते यावर माझा विश्वास उरलेला नाही. पोक काढून बसा, पण वीस मिनिटांनी दुसरं काहीतरी करा. आमच्या ऑफिसमध्ये महागड्या खुर्च्या आल्या तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. इतक्या आरामदायक की तीन-तीन तास उठावंसंच वाटत नाही. दुखणं तिथेच आहे.

ताकदीबद्दल मी आकडे शोधले, कारण अकाउंट्सवालीचा नुसत्या बोलण्यावर विश्वास बसत नाही. फिनलंडमध्ये २००३ साली ऑफिसात काम करणाऱ्या, जुनी मानदुखी असलेल्या १८० बायकांवर वर्षभर अभ्यास झाला. ज्यांना मानेच्या ताकदीचे व्यायाम दिले त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश बायकांनी खूप किंवा पूर्ण आराम पडल्याचं सांगितलं. ज्यांना स्नायू ताणणं आणि चालण्यासारखे सर्वसाधारण व्यायाम करायला सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण साधारण एक-पंचमांश. आणि माझा सगळ्यात आवडता २०११ सालचा डेन्मार्कचा: १९८ माणसं, हीच रबरी पट्टी, हेच हात बाजूने वर नेणं. काहींना रोज बारा मिनिटं, काहींना फक्त दोन. आठवड्यात पाच दिवस, दहा आठवडे. काहीच न करणाऱ्यांपेक्षा दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि दोन मिनिटंवाले बारावाल्यांच्या फार मागे नव्हते.

दोन मिनिटं! आमच्या पँट्रीत चहाचं मशीन गरम व्हायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून मी तिथेच करते. पहिल्या दिवशी एचआरमधला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, उडायची तयारी का?” आता तोही करतो, फक्त पट्टी लाल, म्हणजे माझ्यापेक्षा सोपी. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

कुणी तरी म्हणणारच की पूर्वीच्या बायका डोक्यावर हंडे वाहायच्या, त्यांच्या कुठे माना दुखायच्या. दुखायच्या. माझी आजी रात्री मानेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन झोपायची. फक्त तिला कुणी विचारलं नाही. आणि ‘घरकामात व्यायाम होतोच’ हेही मला पटत नाही. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, चिरणं, लेकाचा अभ्यास घेणं, सगळं मान खाली घालूनच. ऑफिसात स्क्रीन, घरी पोळपाट.

खोटं बोलत नाही, दुखणं कायमचं गेलेलं नाही. मानदुखी परत फिरकतेच. फरक एवढाच की आता महिन्याच्या पंधरा-सोळा तारखेला मान कुरकुरली की मी घाबरत नाही. त्या दिवशी हनुवटी मागे, हळू फिरवणं, जमल्यास कचराळी तलावाला चार फेऱ्या, आणि रात्री अकराऐवजी दहाला लॅपटॉप बंद. बंद करण्यात सगळ्यात जास्त त्रास होतो, व्यायामात नाही. ज्या आठवड्यात कंटाळा केला त्या आठवड्यात फ्रिजच्या कडेपलीकडे दिसत नाही, हेही खरं.

तो मानेचा पट्टा माळ्यावर होता. गणपतीत नवऱ्याने मखराचा कोपरा भिंतीला घासू नये म्हणून त्याचा फोम मागे लावला. छान बसला.

काल सहाव्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. “अगं, मान धरलीय माझी. तुझ्याकडे तो पट्टा आहे ना?” मी आधी सगळं विचारून घेतलं, मुंग्या, पकड, तोल, पडणं-झडणं. काहीच नाही, दोन दिवस लग्नाच्या याद्या करत बसल्या होत्या. म्हटलं, आणते. आणि माझी जुनी हिरवी पट्टी घेऊन वर गेले.

काकूंनी ती हातात घेतली, ताणून बघितली, उलटसुलट केली.

“अगं, पण ही मानेला बांधायची कशी?”