‘क्वेस्टब्रिजच्या नादी लागू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, आणि चौघांच्याही घरी या वर्षी बारावीतलं पोर आहे, म्हणून आज बसून सविस्तर लिहितेय. मेसेज थोडक्यात असा: क्वेस्टब्रिजच्या नादी लागू नका, ती नुसती लॉटरी आहे, मॅच झाला तर पोर अडकतं आणि नाही झाला तर पुढे कुठेच घेत नाहीत, फुकट म्हणतात पण नंतर कर्ज गळ्यात पडतं, सिटिझन नसाल तर अर्जच चालत नाही, एसएटी (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) पंधराशेच्या वर नसेल तर वेळ वाया, त्यापेक्षा गुपचूप जवळच्या स्टेट कॉलेजात घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. क्वेस्टब्रिज ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था आहे. अभ्यासात हुशार पण घरची परिस्थिती बेताची असलेल्या अमेरिकेतल्या मुलांना ती पन्नासहून जास्त नामांकित कॉलेजांशी जोडून देते, त्यात येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी सगळे आले. चार माणसांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न साधारण ६५,००० डॉलरच्या खाली असावं अशी अपेक्षा असते, पण ती काही दगडावरची रेघ नाही, घरात माणसं किती, आजारपण आहे का, मालमत्ता काय आहे तेही बघतात. अर्जाला फी नाही. सप्टेंबरच्या शेवटी अर्ज, ऑक्टोबरात फायनलिस्टची, म्हणजे पहिल्या चाळणीतून पुढे गेलेल्या पोरांची यादी, १ डिसेंबरच्या सुमारास मॅच, म्हणजे पोराची एका कॉलेजशी जोडी लागणं. मॅच झाला की चार वर्षांची ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हे सगळं पॅकेजमध्ये येतं.

आता एकेक मुद्दा.

‘लॉटरी आहे.’ २०२४ मध्ये पंचवीस हजारांच्या वर अर्ज आले, त्यातून ७,२८८ फायनलिस्ट झाले आणि २,६२७ जणांचा मॅच झाला. म्हणजे साधारण दहा अर्जांत एक. कठीण आहे, मी खोटं कशाला सांगू. पण लॉटरीत तुमची चिठ्ठी कुणी वाचत नाही, इथे पोराचा निबंध, मार्कशीट, दोन शिक्षकांची पत्रं, काउन्सेलरचा रिपोर्ट, घरात कोण कमावतं, पोर घरी काय काय सांभाळतं हे सगळं माणसं बसून वाचतात. मी शनिवारी लायब्ररीत पोरांना अर्ज भरायला मदत करते. दोन वर्षांपूर्वी एक पोरगी आली, निबंधात तिने स्वयंसेवेबद्दल असं काही लिहिलं होतं की ते कुणाचंही असू शकलं असतं, आणि ॲक्टिव्हिटीच्या रकान्यात तर म्हणाली माझ्याकडे लिहायला काहीच नाहीये. मग बोलता बोलता कळलं की शाळा सुटली की ही धाकट्या भावाला आणते, त्याला जेवू घालते, आणि घरमालकाचं, इन्शुरन्सचं, बँकेचं प्रत्येक पत्र आईवडिलांना वाचून समजावून सांगते, फोनवर तासतास थांबून तीच बोलते. तिला वाटत होतं हे काय अर्जात लिहायचं असतं का! अगं तेच लिहायचं असतं, घरच्या जबाबदाऱ्यांसाठी त्या अर्जात जागाच दिलेली आहे.

‘मॅच झाला तर पोर अडकतं.’ हा मुद्दा सगळ्यात जास्त भीती घालतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या. तुम्ही जास्तीत जास्त १५ कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लावता. जास्तीत जास्त म्हणजे पंधरा भरलीच पाहिजेत असं नाही, दोनच लावा, एकच लावा. तुमचा क्रम कॉलेजांना दिसत नाही. ज्या ज्या कॉलेजांना तुम्ही हवे आहात त्यांतलं तुमच्या यादीत सगळ्यात वर असलेलं तुम्हाला मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी ते बंधनकारक असतं, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी आतापर्यंत ते नसायचं. म्हणजे अडकलात तर तुम्हीच निवडलेल्या ठिकाणी, आणि पैशाचा प्रश्न सुटलेला असताना. नेहमीच्या अर्ली डिसिजनमध्ये (लवकर अर्ज करून ‘घेतलंत तर नक्की येणार’ म्हणायची पद्धत) तर पॅकेज हातात पडायच्या आधीच शब्द देऊन बसायचं असतं, तिथली धाकधूक वेगळीच, इथे मात्र चार वर्षांचा खर्च भागणार हे कळूनच तुम्ही होय म्हणता. फक्त जिथे पोराला खरंच जायचं नाहीये असं कॉलेज ‘असू दे, भरून टाकू’ म्हणून यादीत घालू नका. आणि मॅच नकोच असेल तर यादी न लावता फायनलिस्ट म्हणून नुसते रेग्युलर डिसिजनचे, म्हणजे नेहमीच्या मुदतीतले बंधन नसलेले अर्ज करता येतात, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये.

‘नाही झाला तर पुढे कुठेच घेत नाहीत.’ हे साफ चूक. २०२४ चेच आकडे घ्या, साडेचार हजारांच्या वर फायनलिस्ट मॅचशिवाय राहिले. ती पोरं त्याच कॉलेजांत रेग्युलर डिसिजनला पुन्हा उभी राहू शकतात, बहुतेक ठिकाणी फी न भरता, आणि मॅच न होणं म्हणजे कॉलेजने नकार दिला असा त्याचा अर्थच नाही, मॅचच्या जागा मोजक्या असतात, अर्ज पुन्हा वाचला जातो. वर सांगितलेल्या त्याच पोरीचा मॅच झाला नव्हता. १ डिसेंबरला तिचा फोन आला, ‘मावशी, नाही झालं’, एवढंच, पुढे बोलताच येईना तिला. तिच्या आईला वाटलं आता संपलं सगळं, स्टोअरमध्ये जास्तीच्या शिफ्ट मिळतील का विचारून पण झालं. मग डिसेंबरची सुट्टी आम्ही तिघींनी अर्जांवर घालवली, निबंध तयारच होते. मार्चअखेरीला, नोव्हेंबरात तिच्या यादीत तिसऱ्या नंबरवर असलेल्या कॉलेजनेच तिला घेतलं, आणि पॅकेजमध्ये आईवडिलांचा वाटा शून्य होता. एका पोरीवरून नियम होत नाही हे मलाही कळतं, पण दार बंद होतं म्हणणाऱ्याने आधी ते ढकलून तरी बघावं.

‘नंतर कर्ज गळ्यात पडतं.’ मॅच स्कॉलरशिपमध्ये कर्ज नसतं आणि पालकांकडून वाटाही मागत नाहीत. आता यातलं खरं काय तेही सांगते. मुलाकडून थोडी अपेक्षा असू शकते, म्हणजे वर्षात कॅम्पसवर काही तास काम किंवा उन्हाळ्यातली थोडी कमाई. आणि सरकारी पेल ग्रँट (२०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर) त्या पॅकेजच्या आतच धरलेली असते, वर वेगळी मिळत नाही. फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा फॉर्म) आणि कॉलेज सांगेल ते फॉर्म दरवर्षी भरावे लागतात, ते चुकवून चालत नाही.

‘सिटिझन लागतं.’ नाही लागत. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणारं कुठलंही पोर अर्ज करू शकतं, ग्रीन कार्ड असो नसो, एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असो. हां, प्रत्येक कॉलेजचं नॉन-सिटिझनबद्दलचं धोरण वेगळं असतं, यादी लावायच्या आधी प्रत्येकाचं पान उघडून बघा. अमेरिकेबाहेर शिकणाऱ्यांना मात्र सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड लागतं, म्हणून भारतातल्या भाच्याला हा मेसेज पाठवून काही उपयोग नाही.

एसएटीचं पटकन: क्वेस्टब्रिजची कट-ऑफ नाही. पार्टनर कॉलेजांपैकी बरीच स्कोअरशिवाय चालवतात, पण एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा परत सक्तीची केली, आणखीही काहींनी केलीय, तेव्हा यादीप्रमाणे बघा. चार वर्षांची मार्कशीट मात्र दणदणीत हवी, त्याला पर्याय नाही.

आणि आता ते ‘गुपचूप स्टेट कॉलेज’. स्टेट कॉलेजात काही वाईट नाही, माझा राग त्या गुपचूपवर आहे. कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर ॲव्हरी या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की गरीब घरातली बहुसंख्य हुशार मुलं एकाही निवडक कॉलेजात अर्जच करत नाहीत. नापास होत नाहीत, नाकारली जात नाहीत, अर्जच करत नाहीत, आणि तेही अशा ठिकाणी जिथे मदत धरून त्यांना बऱ्याचदा जवळच्या कॉलेजपेक्षा कमी पैसे पडले असते. मिशिगन विद्यापीठाने, जे स्वतः स्टेट कॉलेजच आहे, राज्यातल्या अशा मुलांच्या घरी एक पत्र पाठवलं, की प्रवेश मिळाला तर चार वर्षं ट्यूशन आणि फी माफ, नक्की. यातल्या बहुतेकांना तेवढी मदत तशीही मिळालीच असती, नवीन होती ती फक्त खात्री. ज्यांना पत्र गेलं नाही त्यांच्यात अर्ज करणारे २६ टक्के, ज्यांना गेलं त्यांच्यात ६८. एका पत्राने एवढा फरक पडतो तर ‘नादी लागू नका’ असा मेसेज घराघरांत फिरल्यावर उलट बाजूला काय होत असेल, याचा विचार करून मला खरंच झोप लागत नाही.

ज्याने तो मेसेज लिहिला त्याने खरे अडथळे सांगितले असते तर मी आभार मानले असते. पोरं अडतात ती कागदांवर. वडील कॅब चालवतात, वेगवेगळ्या ॲपचे हिशोब वेगवेगळे, रिटर्न वेळेवर भरलेलं नाही. आईवडील वेगळे राहतात आणि बरीच कॉलेजं दुसऱ्या पालकाचेही आकडे मागतात (संपर्कच नसेल तर सूट मागता येते, पण ती मागावी लागते, आणि वेळेत). काउन्सेलरकडे शेकडो मुलं, त्यामुळे रिपोर्टची आठवण दोनदा करावी लागते. शिक्षकांना पत्रासाठी शाळा सुरू झाल्या झाल्या विचारायचं, २५ सप्टेंबरला नाही.

ज्या चौघांनी मला मेसेज पाठवला त्यांनी या शनिवारी पोराला घेऊन लायब्ररीत या, सोबत मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, दोघांचे डब्ल्यू-टू (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारं वर्षाच्या पगाराचं पत्रक), आणि आत्तापर्यंतची मार्कशीट. निबंध नसला लिहिलेला तरी चालेल, तो आपण तिथे बसून सुरू करू.