आमच्या बाईंनी सांगितले

सकाळपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

विकिपीडियावरच्या फुलपाखराच्या लेखात एका नव्या सदस्याने एक ओळ लिहिली होती. "फुलपाखरू पायाने चव घेते असे आमच्या बाईंनी सांगितले." एवढंच. त्याचं पहिलंच संपादन. मिनिटभरात कोणीतरी ते उलटवलं, म्हणजे काढून टाकलं, आणि बदलाचं कारण लिहायच्या सारांशात एकच शब्द टाकला, "उत्पात", म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस. मग त्या मुलाने (मूलच असणार, 'बाई' म्हणतंय) लेखाच्या चर्चापानावर (लेखाबद्दल बोलायचं पान) विचारलं, "माझे काय चुकले?" याला चार दिवस झाले. मी आज पाहिलं. चार दिवसांत त्या प्रश्नाखाली कोणीही एक अक्षर लिहिलेलं नाही. याच चार दिवसांत तिघं जण त्याच लेखात येऊन स्वल्पविराम आणि वर्ग नीट करून गेले!

आणि वाक्य खरं आहे हो. फुलपाखरांच्या पायांवर चव ओळखणारे संवेदक असतात. कित्येक जातींची मादी पानावर पायांनी टकटक करून बघते, आपल्या अळ्यांना हे पान चालेल का, आणि मगच अंडी घालते. बाईंनी बरोबर शिकवलं होतं. कमी होता तो फक्त संदर्भ. तो शोधायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माझं पहिलं संपादन तर साफ चूक होतं. "चीनची भिंत ही चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू आहे" असं मी ठोकून दिलं होतं. लहानपणापासून ऐकलेलं, त्यात शंका कसली? तेही लगेच उलटवलं गेलं. पण उलटवणाऱ्या सदस्याने माझ्या चर्चापानावर (प्रत्येक सदस्याचंही असं एक पान असतं) लिहिलं, "नमस्कार. आपण जोडलेलं वाक्य मी काढलं आहे. हे आपण कुठे वाचलंत?"

मला इतका राग आला होता! "सगळ्या जगाला माहीत आहे" असं उत्तर देऊन मी ते वाक्य परत टाकलं. त्यांनी परत काढलं. मी परत टाकलं. तेव्हा त्यांनी शांतपणे हिशोब मांडला. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, भिंत रुंदीला काही मीटर. ती तिथून दिसणं म्हणजे तीनेक किलोमीटरवरून डोक्यावरचा एक केस दिसणं. मी कागदावर भागाकार करून पाहिला. हिशोब बरोबर होता.

हे सगळं का सांगतेय, तर उलटवण्याबद्दल माझी तक्रारच नाही. चुकीचं काढायलाच हवं. नाहीतर काय होतं ते २००५ मध्ये दिसलंच, एका ज्येष्ठ अमेरिकन पत्रकारावर केनेडी हत्येशी संबंध असल्याचा खोटा आरोप कोणीतरी लेखात घुसडला आणि तो चार महिने तसाच राहिला. त्यामुळे जे लोक अलीकडच्या बदलांवर डोळा ठेवून बसतात त्यांचे उपकारच आहेत, मान्य. पण उत्पात आणि नवखेपणा यातला फरक कळायला वाक्य पुरतं वाचावं लागतं. "आमच्या बाईंनी सांगितले" हे लिहिणारं मूल उत्पात करत नव्हतं. त्याला जमेल तसा तो संदर्भच देत होता! तुम्हाला तो चालत नाही, ठीक, मलाही चालत नाही. मग कसला चालतो ते सांगा ना त्याला. 'नवख्यांना चावू नका' हे तर आपल्या विकिपीडियाचंच तत्त्व आहे, मी कुठून नवं आणलेलं नाही.

भिंतीचं प्रकरण तिथे संपलं नव्हतं. मी आता दुसऱ्या टोकाला गेले. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परत आले तेव्हा त्यांनी भिंत दिसली नाही असं सांगितलं होतं. तो संदर्भ जोडून मी लिहिलं, "ही भिंत अंतराळातून दिसत नाही." आणि माझ्या त्या सदस्याने हेही काढलं! मी संतापले. आधी दिसते म्हटलं ते चूक, आता दिसत नाही म्हटलं तेही चूक? तर त्यांचं म्हणणं, चंद्र वेगळा आणि अंतराळ वेगळं. अंतराळ स्थानक फक्त चारशेएक किलोमीटर उंचीवर आहे, आणि तिथून २००४ मध्ये अंतराळवीर लेरॉय चाओ यांनी काढलेल्या छायाचित्रात भिंतीचे काही तुकडे ओळखता येतात. मी लिहिलं, "लेन्सला दिसलं म्हणजे डोळ्याला दिसलं असं होत नाही." यावर त्यांनी लिहिलं, "हा मुद्दा आपला बरोबर आहे."

नऊ दिवस चाललं ते. एका वाक्यावर. शेवटी चंद्र, कमी उंचीची कक्षा, नुसते डोळे आणि कॅमेरा असं सगळं वेगळं करून वाक्य उभं राहिलं, आणि त्यात दोघांचेही शब्द होते. मग त्यांनी विल्यम स्टुकली या इंग्रज अभ्यासकाचं १७५४ सालचं पत्र शोधून आणलं. भिंत चंद्रावरून दिसत असेल ही कल्पना त्यात आहे. १७५४! माणूस अजून फुग्यात बसूनसुद्धा वर गेला नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघं रात्री दीडपर्यंत तो परिच्छेद लिहीत होतो. बाई की बुवा, कुठे राहतात, काय करतात, मला आजही माहीत नाही. पण पुरावा मागायचा कसा आणि द्यायचा कसा, हे मी त्यांच्याकडून शिकले.

'कोणीही काहीही लिहितं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना या चर्चापानांची कल्पनाच नसते. विकिपीडियाच्या आधी नुपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश होता. तज्ज्ञ लेखक, तपासणीचे सात टप्पे, आणि पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडियाने सगळ्यांना दार उघडलं आणि वर्षअखेरीस वीस हजारांच्या आसपास लेख झाले. ते आपल्यासारख्या 'कोणीही' लोकांनीच लिहिले. आणि आता आपणच आत आल्यावर कडी लावतोय.

शास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या विकिपीडिया लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकारणारा नियमाला धरून होता, हेही खरं. पण "संदर्भ हवा" हे लिहिणाऱ्याचं काम तिथे संपतं का? थोडा आपणही शोधला तर काय बिघडतं?

ज्यांनी फुलपाखराचं वाक्य उलटवलं ते माझ्या मित्रयादीत आहेत, हे वाचतील. नाव घेणार नाही. दादा, तुम्ही रात्र रात्र जागून शिव्या आणि जाहिराती साफ करता, ते मी पाहिलंय. शंभर घाणेरडी संपादनं पाहिल्यावर एकशे एकावं चांगलं असू शकतं हे डोळ्यांना दिसत नसेल, समजू शकते. वर लिहिताना आवाज चढला होता, तो तुमच्या एकट्यावर नव्हता. प्रश्न चार दिवस पडून होता आणि मीही चार दिवस तिकडे फिरकले नव्हते.

दुपारी ते वाक्य संदर्भासकट परत घातलं. सारांशात लिहिलं की वाक्य मूळ सदस्याचं आहे, मी फक्त संदर्भ जोडलाय. मग त्या मुलाच्या स्वतःच्या चर्चापानावर गेले. पान कोरंच होतं. शाळकरी असलं तरी 'आपण'च लिहिलं, मलाही तसंच लिहिलं होतं कोणीतरी. "नमस्कार. आपलं वाक्य बरोबर होतं. ते पुस्तकात कुठे सापडतं ते लेखात जोडलं आहे, बघा. बाईंनी फुलपाखरांबद्दल आणखी काय सांगितलं?"

रात्रीचे दहा वाजलेत. अजून उत्तर नाही. झोपायच्या आधी एकदा बघेन.