येताना घाट लागतो का?

लेकीकडे न्यू जर्सीला निघालोय ही बातमी सोसायटीत फुटली आणि आमचं तिकीट तपासणीसाठी आप्पांच्या हातात गेलं. वरच्या मजल्यावरचे आप्पा उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सुटायची आणि पोचायची वेळ दिली की वजाबाकी करून मोकळे.

"रात्री दीडला मुंबई, सकाळी सातला न्यूअर्क. साडेपाच तास! अहो, आपली कोल्हापूरची गाडी तेवढंच घेते. आणि तुम्ही मानेची उशी काय घेताय?"

"आप्पा, सोळा तास आहेत. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं."

"मागे? अमेरिकेचं?"

मग त्यांनी परतीचं पान उलटलं. रात्री साडेआठला निघून दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला मुंबई. चष्मा कपाळावर गेला. "जाताना साडेपाच, येताना पंचवीस! येताना घाट लागतो का?"

घाट खरं तर जातानाच लागतो. वर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहतात. जाताना ते छाताडावर घ्यायचे, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास चांगला तास-दीड तासाने कमी. हे मी सांगितलं, पण घड्याळ आप्पांच्या बाजूने होतं.

शेवटी त्यांच्या नातवाचा पृथ्वीगोल आणला आणि मिठाईच्या पुड्याचा दोरा मुंबई ते न्यूअर्कशेजारचं न्यूयॉर्क असा ताणून धरला. जवळात जवळचा रस्ता, सुमारे १२,५०० किलोमीटर. दोरा अरबस्तानाकडे न वळता कझाकस्तान, रशिया, नॉर्वे करत थेट आइसलँडवर चढला आणि ग्रीनलंडच्या शेपटीला हात लावून खाली उतरला.

"आइसलँड कशाला मध्येच?" आप्पांनी दोरा बोटाने खाली ओढून पाहिला. तो लगेच अपुरा पडला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तिथे पॅसेंजर मिळत असतील."

निघायच्या दिवशी पुण्याहून मुंबईचा विमानतळ, म्हणजे जेमतेम दीडशे किलोमीटर, गाठायला सहा तास लागले. खंडाळ्याला एक ट्रक आडवा झाला होता. वडापाव दोनदा झाला.

विमानाबद्दल काय सांगू. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर गावाएवढं मोठं विमान. मी डुलकी काढून उठलो, उपमा खाल्ला, पुन्हा झोपलो, रांगेत उभा राहून बाथरूमला जाऊन आलो. विमान तिथेच. एकदा तर मला वाटलं, मागे सरकलं. भाजणीच्या पिठाचं वजन तेवीस किलोत बसवताना सोडून दिलेला तो अर्धा किलो आठवून बायको अधूनमधून उसासे टाकत होती.

उतरल्या उतरल्या आप्पांना फोन लावला. म्हटलं, "पोचलो! सकाळचे सात वाजलेत. तुमच्याकडे किती?"

पलीकडे आप्पांनी सावकाश घड्याळ पाहिलं असावं.

"साडेपाच," ते म्हणाले. "मी काय म्हणालो होतो?"