बेसबॉलचे स्काऊट, आपली कबड्डी अन् एक गुडघा

काल रात्री लाइट गेली होती म्हणून मोबाईलवर अमेरिकेतल्या बेसबॉलचं वाचत पडलो (कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो तेव्हापासूनचा नाद, बायको म्हणते तुम्हाले दुसरा धंदा नाही). तिथं वेगवेगळ्या टीमचे स्काऊट (म्हणजे नवे खेळाडू हेरणारी माणसं) एकाच मैदानावर एकाच पोराला पाहतात, सगळ्यांच्या हातात स्पीड मोजायची गन, मग त्यांनी एकमेकांना माहिती द्यावी का लपवावी?

1974 साली तिथं काही टीमनी मिळून एक ब्युरो काढला, खर्च सगळ्यांचा अन् रिपोर्ट सगळ्यांना. काही टीम सुरुवातीला त्यात गेल्याच नाहीत. आमच्या माणसानं उन्हातान्हात फिरून पाहिलेलं फुकटात काऊन द्यायचं? पटते ना बाप्पा, नजर ही त्याची कमाई आहे.

पण आकडे सगळ्यांना देऊनही नजर काही संपत नाही. बेसबॉलवाला माइक ट्राउट घ्या, 2009 च्या ड्राफ्टात (तिथं टीम नंबरानं एकेक नवं पोरगं निवडतात) 25 व्या नंबरवर गेला, पुढं याच जमान्यातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंत गेला. गंमत म्हणजे ज्या एंजल्स टीमनं त्याला घेतला त्यांचाच 24 वा नंबरही होता, तिथं त्यांनी आधी दुसराच पोरगा घेतला! म्हणजे ज्यांना पोट्टं आवडलं त्यांनाही पूर्ण खात्री नव्हती.

चोरी मात्र वेगळी. कार्डिनल्स टीमच्या स्काऊटिंगमधल्या एका साहेबानं अॅस्ट्रोस टीमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसून त्यांची माहिती पाहिली, 2016 मध्ये त्याला 46 महिन्यांची शिक्षा झाली, टीमला 20 लाख डॉलर भरावे लागले ते वेगळे.

माझं म्हणणं एवढंच, पोरगं पुढं किती जाईल हा अंदाज ज्याचा त्यानं खिशात ठेवावा, पण दुखणं लपवू नये. हे मी शहाणपणानं नाही बोलून राहिलो, स्वतःच्या चुकीवरून बोलून राहिलो.

तीन वर्षं झाली. आमच्याकडं कापूस निघाला की रात्रीच्या कबड्डी स्पर्धा लागतात, 65 किलो गट. एक रेडर होता, नाव नाही लिहत. आधीच्या स्पर्धेत त्याचा गुडघा वळलेला मी पाह्यला होता, कारण टेबलावर स्कोर लिहायला मीच होतो. पुढच्या स्पर्धेत त्याला दुसऱ्या गावच्या टीमवाल्यानं घेतलं अन् मला फोन केला, "भाऊ, पोट्टं कसं आहे?" मी म्हटलं, "एक नंबर." गुडघ्याचं बोललो नाही, सेमीफायनलला ती टीम आमच्याच समोर यायची होती ना.

पोरगं क्रेप बँडेज बांधून त्यावर नी-कॅप चढवून आलं, पट्टी दिसू नये म्हणून. तिसऱ्या रेडला बोनसला पाय टाकला अन् तिथंच खाली बसला, ओरडला पण नाही, फक्त हातानं माती धरली. लिगामेंट गेलं होतं. घरचे सोयाबीनचे पैसे ऑपरेशनात गेले. मॅच आम्ही जिंकलो, फोटो आहे, मी त्यात हसून राहिलो.

आता कोणी म्हणेल की दुखणं पोराचं, सांगायचं का नाही ते तो ठरवेल. खरं आहे, पण खरं सांगितलं तर त्याची रात्रीची पाचशेची कमाई जाते, म्हणून तो पट्टी लपवतो. अमेरिकेत ड्राफ्टच्या आधी पोरगा स्वतः एमआरआय देतो, अन् ठरलेली मेडिकल तपासणी दिलेल्या पोराला टीमनं निवडलं तर त्या नंबरच्या ठरलेल्या रकमेच्या किमान 75 टक्के ऑफर द्यावीच लागते. खरं बोलून त्याचं नुकसान होत नाही, मला हे लय आवडलं. आपल्याकडं मंडळवाल्यांनी निदान जखमी पोराचा त्या रात्रीचा पैसा तरी देऊन टाकावा, मंडपावर एवढा खर्च करतातच.

परवा त्याच टीमवाल्याचा फोन होता, आमच्या एका डावखुऱ्या रेडरबद्दल. खांदा दुखते, दिवाळीपासून, म्हणून सांगितलं. पोट्ट्याला विचारूनच सांगितलं. बाकी खेळते कसा म्हणे. म्हटलं ते नाही सांगत बे, संध्याकाळी सहाला प्रॅक्टिस असते, गाडी काढ अन् ये पाह्यले.