उसाच्या पानातला सिलिकॉन

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया बोचरी आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ‘कार्बनशिवाय जीवसृष्टी शक्यच नाही’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला कूपमंडूक वृत्तीचं वाटलं. एका पृथ्वीवरून विश्वाचा नियम काढता येत नाही, शिवाय सिलिकॉनही कार्बनसारखेच चार बंध जोडतो, असं तुम्ही म्हणता.

एकाच उदाहरणावरून नियम निघत नाही, हे मान्य. पण ते उदाहरण नीट बघा. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, कार्बन ०.१ टक्कासुद्धा नाही. आणि जीवसृष्टीला सिलिकॉनची ओळख नव्हती असंही नाही. उसाच्या फडात काम केलेल्या कुणालाही पात्याची धार माहीत असते. त्या धारेत सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, आहे. ऊस, भात पाण्यात विरघळलेलं सिलिकॉन मुळांवाटे घेतात, भाताच्या तुसात ते भरपूर सापडतं. डायटम नावाची सूक्ष्म शैवालं तर त्याचंच काचेसारखं कवच घडवतात. चिलखत म्हणून जीवांनी सिलिकॉन मनसोक्त वापरला, पण रेणूंचा कणा म्हणून नाही.

का, ते बंधांच्या ताकदीत दिसतं. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे (म्हणजे बंधांच्या एका ठरावीक संख्येमागे) साधारण ३५० किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉनला २२०च्या आसपास. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ४५०च्या घरातला. त्यामुळे ऑक्सिजन भेटला की सिलिकॉनची साखळी टिकत नाही. सिलेन हा सिलिकॉन आणि हायड्रोजनचा वायू हवेत आपोआप पेट घेतो. आणि उरतं काय? सिलिका, म्हणजे वाळू-गारगोटी. कार्बन जळला की वायू होतो, पाण्यात विरघळतो, पान तो हवेतून परत उचलतं. गारगोटी वितळायलाच १,७०० अंश सेल्सिअस लागतात. हे चक्र फिरणार कसं?

आता तुमच्या बाजूचं. २०१६ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने आइसलँडच्या उष्ण झऱ्यांतल्या एका जीवाणूचं प्रथिन घेतलं, त्यात तीन बदल केले आणि त्याच्याकडून सिलिकॉन-कार्बन बंध उत्तम जोडून घेतले. कच्चा माल माणसाने पुरवला होता, हे खरं. पण प्रथिनांना सिलिकॉन कार्बनशी जोडता येतो हे त्यातून सिद्ध झालं, आणि मला ते विलक्षण वाटतं.

दुसरं, १९७६ मध्ये नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीला किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषकद्रव्य पाजलं आणि त्यातून वायू सुटतो का ते पाहिलं. कार्बन न खाणारा जीव तिथे असता, तरी या प्रयोगाला तो दिसला नसता. इथे तुमचा आक्षेप मला पूर्ण पटतो.

शनीचा चंद्र टायटन याच्यावर उणे १७९ अंश सेल्सिअसमध्ये मिथेनची तळी आहेत. तिथे पाण्याची जागा दुसऱ्या द्रवाने घेणं मला कल्पनेत आणता येतं, पण कणा मात्र तिथेही कार्बनचाच दिसतो.

लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. आता ते असं आहे: ‘पाणी आणि ऑक्सिजन असलेल्या जगात सिलिकॉनवर उभी जीवसृष्टी संभवत नाही.’ यावरही आक्षेप असेल तर जरूर लिहा.