भरतीला निघालात? आधी प्रयोग पक्के करा

आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर पहाटे पाचला पंधरा-वीस पोरं धावत असतात. झिजलेले बूट, कुणीतरी मोबाईलवर लावलेलं स्टॉपवॉच आणि कडेला उभा राहून ओरडणारा एक जण, "सोडू नको, शेवटचा राऊंड, मार!" सगळे पोलीस भरतीचे. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांवर. म्हणजे एका खाकीमागे शंभर पोरं. त्यातल्याच एकाने परवा मला गाठलं. "काका, काही टिप्स द्या ना."

मी काही कोचिंगवाला नाही. पण गेल्या मंगळवारी एका पोलीस ठाण्याच्या बाकावर साडेतीन तास बसून आलोय. एवढं प्रात्यक्षिक कुठल्याच अकॅडमीत मिळत नाही. तेव्हा भावी साहेब, वही काढा.

धावण्यापासून सुरुवात करू. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलंत की २० पैकी २०. जीव तोडून धावा, हौस भागेपर्यंत धावा. हे तुमचं शेवटचं धावणं. नोकरी लागल्यावर धावायचं ते फिर्यादीने.

छाती ७९ सेंटिमीटर, फुगवून ८४. कुणापुढे फुगवायची आणि कुणापुढे नाही, हे पोस्टिंग मिळालं की आपोआप कळतं.

गोळाफेकीला पोरं हसण्यावारी नेतात, तसं करू नका. सव्वासात किलोचा गोळा साडेआठ मीटरवर टाकला की पैकीच्या पैकी १५ गुण. तुम्हाला वाटतं हे दंडाचं काम. अहो, हे हद्दीचं शिक्षण आहे. माझ्या शेजारी बाकावर घरोघर जेवण पोचवणारा एक पोरगा बसला होता, पाठीवरची ती मोठी चौकोनी पिशवी मांडीवर घेऊन. त्याची मोटारसायकल पुलावरून गेली होती. पुलाच्या अलीकडच्या ठाण्याने त्याला पलीकडे पाठवलं. पलीकडच्यांनी विचारलं, गाडी पुलाच्या कुठल्या टोकाला लावली होती? तो बिचारा जागेचा फोटो काढून घेऊन आला, विजेच्या खांबाच्या नंबरासकट. फोटो निरखून सांगण्यात आलं, हा खांब त्यांचा, पुढचा आमचा. तिसरी खेप होती त्याची, आणि दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. शून्य क्रमांकाने नोंद करायची आणि कागद त्या हद्दीत पाठवायचा. कागद पाठवायचा, माणूस नव्हे. पण गोळाफेकीचा सराव असला की असली कलमं मध्ये येत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. लेखी परीक्षा १०० गुणांची. अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. पहिले तीन विषय पास होण्यापुरते करा. नोकरी टिकवायची असेल तर व्याकरण घोटा. त्यातही प्रयोग. कर्तरी, कर्मणी, भावे. हे डोक्यात बसलं की निवृत्तीपर्यंत निवांत.

सांगतो कसं ते.

मंगळवारी संध्याकाळी बसमधून उतरत होतो. मागून रेटा आला आणि खिशात हात गेला. माझा नव्हे. मी तो पकडलासुद्धा. घामट मनगट, त्यावर काळा दोरा. एक झटका बसला, मनगट सुटलं, आणि माणूस रिक्षांच्या रांगेत दिसेनासा झाला. माझा बावीस हजारांचा, पाच महिन्यांचा फोन घेऊन. सात हप्ते अजून बाकी आहेत.

ठाणे अंमलदार वहीतून वर न बघता म्हणाले, "बोला काका."

"साहेब, फोन चोरला."

"पडला असेल."

"पडला नाही हो. हात धरला होता मी त्याचा."

"गर्दीत तसं वाटतं. बिल आहे का?"

"आहे."

"बॉक्स?"

"घरी आहे."

"मग बॉक्स घेऊन या. आणि दोन कोरे कागद घ्या समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून. इथले संपलेत."

गेलो, घरून बॉक्स आणला, भर पावसात कोरे कागदही आणले. मग त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. "लिहा. मी बसमधून उतरत असताना माझा मोबाईल कुठेतरी पडून गहाळ झाला."

भावी साहेब, इथे थांबा आणि हे वाक्य फळ्यावर लिहा.

'चोराने फोन चोरला.' कर्ता चोर, कर्म फोन, प्रयोग कर्मणी. कर्ता आला म्हणजे त्याला शोधणं आलं. पंचनामा आला, बसमधल्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवणं आलं, तपास कुणाकडे द्यायचा ते आलं. आता दुसरं वाक्य घ्या. 'फोन गहाळ झाला.' प्रयोग कर्तरी. कर्ता कोण? फोन! जे काही केलं ते फोनने केलं. खिशातून स्वतः उठला, बसच्या पायऱ्या उतरला आणि संसाराला विटून निघून गेला. गुन्हा दाखल करायचाच तर फोनवर करावा लागेल, आणि तो पडला पाच महिन्यांचा, अज्ञान. एक क्रियापद बदललं आणि मनगटावर काळा दोरा बांधलेला तो माणूस जगातून नाहीसा झाला. खटला नाही, पुरावा नाही, सरळ निर्दोष. कुठल्या नामांकित वकिलाला जमेल हे?

व्याकरणाच्या तासाला सकर्मक भावे प्रयोगाचं एक ठरलेलं उदाहरण असायचं, 'शिपायाने चोरास पकडले.' आम्ही ते मान हलवत पाठ केलं होतं. भावे प्रयोगात क्रियापदाला कर्त्याशी देणंघेणं नसतं आणि कर्माशीही नसतं, ते आपलं नपुंसकलिंगी एकवचनात बसून राहतं. हे निव्वळ व्याकरण नव्हतं, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बाकावर बसल्यावर समजलं. समोरच्या भिंतीवर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' रंगवलेलं होतं. तेही साडेतीन तास वाचत होतो. दोन्ही शब्द चतुर्थीचे. कशासाठी, ते दोनदा सांगितलंय. क्रियापद नाहीच.

मी मात्र हट्टाने कर्मणीच धरून बसलो. अंमलदारांनी मग वेगळा डाव टाकला. "सेकंडहँडला किती येतील याचे? चार हजार?" हा प्रश्न साधा नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली आहे, कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. म्हणजे फोनची किंमत पाडली की गुन्ह्याचीही पडते. बाजारात घासाघीस गिऱ्हाईक करतं, इथे दुकानदारच करत होता.

विम्याचं विचारू नका. 'गहाळ' म्हटल्यावर विमा कंपनीवाल्यांनी बोलता बोलता फोनच ठेवला.

संगणकावर 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द न चाचरता म्हणता आले पाहिजेत. आरशासमोर सराव करा.

आणि यश मिळालं की ते साजरं करायला शिका. मधूनमधून कार्यक्रम होतो, टेबलावर मोबाईल ओळीने मांडतात, मागे बॅनर, साहेब एकेक फोन मालकाच्या हाती देतात, फोटो निघतो. बातमी येते, 'गहाळ झालेले मोबाईल परराज्यातून शोधून मूळ मालकांना परत.' इथे मात्र पोलीस ठसठशीत कर्ता होतात. त्या मालकांचा आनंद खरा असतो आणि शोधणाऱ्यांची मेहनतही. पण मला एक कळत नाही. इथल्या बसमध्ये आपोआप पडलेला फोन परराज्यापर्यंत गेला कसा? आरक्षण करून?

एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल काका एकतर्फी बोलतात. ते अंमलदार आदल्या रात्रीच्या बंदोबस्तावरून थेट खुर्चीत आले होते. टेबलाच्या कोपऱ्यात डबा होता, रात्री नऊपर्यंत त्याची कडी निघाली नव्हती. मधेच घरून फोन आला तेव्हा म्हणाले, "झोपा तुम्ही." २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला होता. इतक्या वर्षांनी माझ्यासमोरचा माणूस सलग चौदावा तास बसून होता. तोही प्रयोग भावेच निघाला म्हणायचा.

त्यांनी स्वतःच दबक्या आवाजात सांगितलं. महिन्याला क्राईम मीटिंग असते. चोऱ्यांचा आकडा वाढला की साहेबांना वरून विचारणा होते, उघडकीचं प्रमाण घसरलं की पुन्हा विचारणा. "गहाळला कुणी काही विचारत नाही काका." म्हणजे खरं लिहिणाऱ्या ठाण्याच्या हद्दीत गुन्हे फार, आणि खोटं लिहिणाऱ्याच्या हद्दीत रामराज्य. असला ताळेबंद शाळेतल्या पोराने मांडला असता तर मास्तरांनी कान पिळला असता. इथे तो सादर होतो आणि त्यावर चहाही होतो.

बास झालं. टिप्स गेल्या खड्ड्यात.

ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्येच सांगून टाकलंय, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. हे मी त्या टेबलासमोर बोललो. उत्तर काय मिळालं? "काका, तुम्ही वकील आहात का?" नाही, मी वकील नाही. मी क्लार्क होतो. कागदावर खरं लिहायचं असतं एवढं मला माहीत आहे. यात कायद्याचा अभ्यास कसला लागतो? माणूस सांगतोय चोरला, तर चोरला लिहा. नाही सापडला तर नाही सापडला, त्यासाठी तुमच्या दारात कुणी गळा काढत नाही. पण माझ्या हातून, माझ्या अक्षरात, माझ्याच सहीने तुम्ही मला खोटं लिहायला लावता? आणि वर 'काका' म्हणता?

आणि केली मी सही. रात्रीचे साडेनऊ झाले होते, सिम बंद करून घ्यायचं होतं, बायको शेजाऱ्यांच्या फोनवरून कुणाकुणाला विचारत बसली होती. कलम १७३ मध्येच लिहिलंय की ठाण्यात नोंद घेतली नाही तर अधीक्षकांना टपालाने कळवता येतं, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी ते केलं नाही. तो पोरगा तरी चौथ्या खेपेला पुलापलीकडे गेला. मी शिक्का मारलेला कागद घडी करून खिशात घातला, त्याच खिशात, आणि घरी आलो. याचीही लाज वाटते, लिहून ठेवतो.

तर बाळा, तू टिप मागितली होतीस. तू भरती होशील, तुझा राऊंड बघतो मी रोज, चांगला पळतोस. उद्या तुझ्या टेबलासमोर भिजलेला माणूस येईल. तो चोरी म्हणाला तर त्याला गहाळ शिकवू नको. हद्द विचारून त्याला पूल ओलांडायला लावू नको. आणि कोरे कागद संपलेत म्हणून पावसात पिटाळू नको. खणात अख्खं रिम होतं. शिक्का काढायला त्यांनी खण उघडला, तेव्हा मी पाहिलं.