व्यायामाने आतडी 'धुऊन' निघत नाहीत

'२१ दिवस रोज घाम गाळा. पोटातले वाईट जीवाणू मरतील, चांगले येतील आणि कायमचे टिकतील. मग खाण्याचं पथ्य नको. व्यायाम जितका जोरात, तितकं पोट निरोगी.' असा मजकूर या ना त्या रूपात सगळीकडे फिरतो आहे. त्यातली एक गोष्ट खरी आहे. व्यायामाने आतड्यातले जीवाणू बदलतात. पण त्या एका खऱ्या गोष्टीच्या जोरावर बाकीचं सगळं खपवलं जातंय.

सुरुवात 'कायमचे' या शब्दापासून करते, कारण माणसं फसतात ती तिथेच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैठं आयुष्य जगणाऱ्या ३२ जणांना सहा आठवडे व्यायाम करायला लावला आणि आहार मात्र नेहमीचाच ठेवायला सांगितला. सहा आठवड्यांत जीवाणूंची ठेवण बदलली. ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करणारे जीवाणू वाढले. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवरच जगतात, म्हणून ही वाढ महत्त्वाची. मग पुढचे सहा आठवडे सगळ्यांना व्यायाम बंद करायला सांगितला, आणि झालेला बदल बराचसा पुसला गेला. शिवाय ब्युटिरेटची वाढ दिसली ती सडपातळ लोकांमध्ये. लठ्ठ सहभागींमध्ये तशी दिसली नाही. म्हणजे 'कायमचे'ही नाही आणि सगळ्यांना सारखंही नाही. तीन आठवडे नेमाने चालून 'पोटात काही फरक नाही' म्हणत चालणंच सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा मजकुराचा मला राग येतो तो त्यांच्यासाठी.

'वाईट जीवाणू मरतील' हे वाक्य तर मुळातच चुकीचं आहे. आपल्या अंगावर आणि अंगात मिळून साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्यांची चांगले-वाईट अशी सरळ वाटणी होत नाही. ई. कोलायचंच बघा. त्याचे बहुतेक प्रकार आतड्यात निमूट राहतात, काही मोजके जबर जुलाब घडवतात. व्यायाम कुणाला वेचून मारत नाही. आतड्यातून अन्न सरकण्याचा वेग, तिथला रक्तपुरवठा, पित्तातली आम्लं अशा गोष्टींवर त्याचा परिणाम होतो आणि त्या बदललेल्या परिस्थितीत कुणाचं फावतं, कुणाचं नाही.

पथ्य नको? ब्युटिरेट बनतं ते प्रामुख्याने आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय पदार्थांपासून. ते पोटात गेलेच नाहीत, तर जीवाणूंनी बनवायचं कशापासून? या दाव्यासोबत आयर्लंडच्या रग्बीपटूंचा २०१४ चा अभ्यास नेहमी जोडला जातो. त्या खेळाडूंच्या आतड्यात जीवाणूंचं वैविध्य खरोखरच जास्त आढळलं. पण त्यांच्या खाण्यात प्रथिनंही इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती, त्यामुळे श्रेय एकट्या व्यायामाला देता येत नाही. आणि नुसता आहार पूर्ण बदलला तरी जीवाणूंमध्ये काही दिवसांत फरक पडतो, हेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं आहे.

खरी नवलाची गोष्ट या मजकुरात नाहीच. बोस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंच्या विष्ठेत व्हेलोनेला हा जीवाणू वाढलेला आढळला. तो लॅक्टेट, म्हणजे श्रमाने स्नायूंत तयार होणारा पदार्थ, खाऊन प्रोपिओनेट नावाचं, ब्युटिरेटच्याच जातीचं आम्ल बनवतो. धावपटूच्या शरीरातून वेगळा केलेला हा जीवाणू उंदरांना दिला, तेव्हा ते सुमारे १३ टक्के जास्त वेळ धावले. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. मला ते फार सुंदर वाटतं. पण ते धावले उंदीर, एवढं ध्यानात ठेवून.

राहिलं 'जितका जोरात, तितकं निरोगी'. खूप जोराच्या, लांबलेल्या व्यायामात रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्याचा पुरवठा बराच घटतो आणि अस्तर तात्पुरतं झिरपू लागतं. लांब पल्ल्याच्या धावपटूंना पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, त्यामागचं हे एक कारण. इलिनॉयच्या त्या प्रयोगात लोकांनी केलं होतं ते इतकंच: आठवड्यातून तीन दिवस, अर्ध्या तासापासून सुरू करून तासापर्यंत.